दारची फळी

“साहेब, मेलेल्या माणसाला तरी तुमच्या नियमातून सोडा,” सुहास म्हणाला.

तो त्याच्या घराच्या उंबऱ्यात उभा होता. कमरेला पंचा, डोक्यावरून नुकतीच ओतलेली कळशी, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं हा आता रडेल किंवा मारेल. पलीकडे, रस्त्याच्या कडेला, नगरपालिकेचा इंजिनिअर वाघमोडे उभा होता. दोघांच्या मधे कमरेइतका खोल चर, आणि चरावर एक फळी.

मी आत सुहासच्या आईला धरून बसले होते. आक्का म्हणायचो आम्ही तिला. आक्काचा नवरा, दत्तोबा लाटकर, त्या दिवशी पहाटे गेला होता. लाटकरांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. माझा नवरा लवकर गेला तेव्हा मला मशीनवर बसायला आक्काने लावलं. “रडायचं तर ब्लाऊज शिवता शिवता रड,” असं म्हणाली होती. त्यामुळे त्या दिवशी तिला धरून बसायचा मान माझाच होता.

फळीचं सांगते. आमच्या गल्लीतल्या जुन्या शहाबादी फरश्या उखडून नगरपालिका नवा फूटपाथ करत होती. फरश्यांखाली गटार, ते उघडं करून नवीन बांधायचं होतं. म्हणजे प्रत्येक घराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत खंदक. हे काम बघायला नवा ज्युनिअर इंजिनिअर आला होता, भारत वाघमोडे. सांगोल्याकडचा पोरगा. बाप मेंढरं राखायचा, घरातली पहिली सरकारी नोकरी, आणि ती अजून कायम व्हायची होती. त्याने आल्या आल्या गल्लीला नियम सांगितले. खंदक एका वेळी एकाच बाजूला खणायचा. दर दारापुढे एक फळी, फळीला दोन्ही बाजूंनी बांबूचा कठडा. रस्त्याच्या कडेने चालायला दोरी बांधून वेगळी वाट. आणि ज्या दारची फळी त्या दारची, ती कुणी हलवायची नाही.

तोवर आमच्या गल्लीत खड्डा म्हणजे खड्डा, ज्याला डोळे आहेत त्याने बघून जावं, एवढाच नियम होता. हा पोरगा रोज सकाळी येऊन प्रत्येक फळीवर उभा राहून उड्या मारून बघायचा. गल्लीने त्याचं नाव फळीसाहेब ठेवलं. नाव ठेवण्यात मी पुढे होते, कारण माझी गिऱ्हाइकं त्या फळीवरून यायला कुरकुर करायची आणि तो राग मी त्याच्यावर काढायची. “साहेब, आज उडी मारायची राहिली वाटतं,” असं मी खिडकीतून म्हणायची. तो हसायचा आणि मारून दाखवायचा. माझ्याकडे बाया लेकरं काखेत घेऊन येतात म्हणून माझ्या फळीचा कठडा त्याने जरा जास्त उंच केला होता. त्याबद्दल मी कधी बरं बोलले नाही.

तर त्या दुपारी तिरडी बांधून तयार होती आणि ती त्या अरुंद फळीवरून निघणार कशी, असा प्रश्न आला. दोन माणसं पुढे, दोन मागे, आणि फळी एका माणसाची.

“एकामागं एक जाऊ,” वाघमोडे म्हणाला. “मी पुढनं धरतो. सावकाश नेऊ.”

“एकामागं एक नेतात ते गोणी असते,” गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. “माणसाला खांदा देतात.”

“कठडा काढला तर...”

“काढा की मग.”

“काढता येत नाही. उद्या कुणी पडलं तर मी काय सांगू?” वाघमोडे म्हणाला.

तेव्हा सुहास ते मेलेल्या माणसाला सोडायचं वाक्य बोलला. आणि आतून, माझ्या मांडीवरचं डोकं वर करून, आक्का बोलली.

“कलंडू देऊ नका रे त्यांना,” ती म्हणाली. “आयुष्यभर एस्टीत उभ्यानं तिकिटं फाडली, कधी तोल गेला न्हाई त्यांचा.”

मग बांबू मोडल्याचा आवाज आला. कठड्याचा बांबू. नंतर लाकडं ओढल्याचे, आपटल्याचे आवाज आले. मला खिडकीतून काही दिसत नव्हतं आणि बघायची ती वेळही नव्हती. तिरडी उचलली तशी आक्काने माझा दंड असा धरला की पुढे आठवडाभर तिथे काळंनिळं होतं. शेजारच्या दारांच्या फळ्या आणून, एकाला एक लावून, चरावर रुंद पूल केला होता आणि चार माणसं ताठ मानेने दत्तोबांना घेऊन पार झाली, हे मला नंतर कळलं. उजवीकडचा पुढचा खांदा फळीसाहेबाचा होता, हेही.

पुरुषमाणसं ओढ्याकडे गेली. बायकांनी घर धुतलं. मी परसातून माझ्या घरी गेले, पिठलं-भाकरी केली, आणि कडू घास घेऊन परसातूनच परत आले. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजाऱ्याने न्यायचं असतं. आक्काने एक घास तोंडात घेतला आणि तो तसाच धरून बसली. मी आपली भाकरी कुस्करत राहिले.

दिवेलागणीला पुरुष परत आले. स्मशानातून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात येत नाही, त्यामुळे परसात त्यांची रीघ लागली, चूल नाही म्हणून थंडगार पाण्याच्या बादल्या, उघडी अंगं. बाईमाणसाने तिकडून जायची सोय राहिली नाही. मी पुढच्या दाराने निघाले. मयताच्या घरून निघताना येते म्हणायचं नसतं. घरच्यांनीही उठायचं नसतं, दारापर्यंत यायचं नसतं. मी पदर सारखा केला आणि गुपचूप उठून बाहेर पडले. सुहासच्या बायकोने मला जाताना पाहिलं आणि मान खाली घातली, रीतीप्रमाणे.

लाटकरांच्या दारापुढचा रुंद पूल मी बघितला. बरं केलं, मनात म्हणाले. पूल ओलांडून दोरीच्या वाटेने चार पावलं आले, माझ्या दारासमोर वळले आणि फळीवर पाय ठेवला.

फळी नव्हती. ती लाटकरांच्या दारापुढे होती, मी आत्ताच तिच्यावरून चालत आले होते.

कामासाठी गल्लीतला दिव्याचा खांब काढलेला होता, ही एक गोष्ट. दुसरी अशी की, डोळे कशाला, माझ्या दारचा रस्ता माझ्या पायांना पाठ होता. पाय आपले आपण गेले. खाली जुन्या गटाराचा दगड होता, त्यावर उजवी नडगी आपटली आणि मोडल्याचं मी कानाने ऐकलं.

हाका मारल्या. खूप मारल्या. पण मयताच्या घरातून, घराच्या आसपास, बाईचा आवाज आला तर कोण बाहेर येतं? आत सगळ्यांना वाटलं, कुणीतरी भेटायला आलंय आणि गळ्यात पडून रडतंय. मी तिथे पडून ओरडत होते आणि भिंतीपलीकडे माझी आक्का ते ऐकत होती, हे तिने मला नंतर सांगितलं. कोण एवढं जिवाच्या आकांताने रडतंय ह्यांच्यासाठी, असं तिच्या मनात आलं होतं.

मला वाघमोडेने काढलं. तो आला तेव्हा त्याचे केस ओले होते, शर्टाची बटणं वरखाली लागली होती आणि खांद्यावर कुणाचा तरी टॉवेल होता. त्याने चरात उडी घेतली, माझा पाय बघितला आणि एकच गोष्ट परत परत बोलायला लागला.

“मावशी, मी आंघोळीला थांबलो. फळी लावायलाच आलो होतो. आंघोळीला थांबलो, मावशी.”

“मग थांब की अजून,” मी म्हणाले. आणि भोवळ आली.

दवाखान्यात नेलं ते त्यानेच. तिथे पोलीस आला, अपघात म्हटलं की येतोच. पायाला अजून प्लास्टर नव्हतं, नुसती पट्टी, आणि कळा अशा येत होत्या की मला जगातला प्रत्येक माणूस वैरी वाटत होता.

“फळ्यांची जबाबदारी कुणाची?” पोलिसाने विचारलं.

“वाघमोडेची,” मी म्हणाले. “लिहा. भारत वाघमोडे, इंजिनिअर. रोज उड्या मारून बघतो फळीवर, आणि ज्या दिवशी बघायचं त्या दिवशी फळीच नाही. असली पोरं नोकरीवर ठेवू नयेत, हेही लिहा.”

पोलिसाने माझ्या मागे बघितलं. मी मान वळवली. वाघमोडे खाटेच्या उशाशी उभा होता, हातात माझ्या पायाचा एक्सरे. त्याने एक्सरे उशीजवळ ठेवला आणि बाहेर गेला.

मी खोटं काही बोलले नव्हते, हे मला आजही माहीत आहे. त्याचा उपयोग होत नाही.

दोन दिवसांनी सुहास आला. सुतकात कुणाकडे जायचं नसतं म्हणून तो वॉर्डाच्या दारातच उभा राहिला आणि तिथूनच, सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं, बोलत राहिला.

“प्रमिलाताई, फळी मी मागितली. तो नको म्हणत होता. मी नाही नाही ते बोललो त्याला.”

“ऐकलं मी.”

“ओढ्यावर पण तो म्हणत होता, मी पुढं जातो, फळ्या लावतो. म्हाताऱ्या माणसांनी सोडलं नाही. खांदा दिलेल्यानं कवटी फुटायच्या आत निघायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, म्हणाले. मग इथं आल्यावर मीच त्याला हाताला धरून बादलीजवळ नेलं. विटाळ घेऊन कुठं फिरतोस म्हटलं.” त्याने तोंड पुसलं. “जबाबात त्याचं नाव आलंय. चौकशी लागलीय. कायम नाहीये तो, काढून टाकणार म्हणतात.”

“मग जा आणि हेच सांग त्यांना.”

सुहास जमिनीकडे बघायला लागला. तो शाळेत क्लार्क होता. सरकारी कामाची फळी उखडली म्हणून केस झाली तर त्याचीही नोकरी जाणार होती. आई विधवा होऊन दोन दिवस झाले होते. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला त्याचा राग आला, आणि राग पुरता यायच्या आत दयाही आली.

“मी सांगते,” मी म्हणाले. “माझ्या दारची फळी, मीच दिली म्हणते. साहेबाला न विचारता. म्हणजे तूही सुटलास आणि तोही.”

त्याने वर बघितलं. इतकं हलकं झालेलं तोंड मी कुणाचं पाहिलं नव्हतं आणि ते मला मुळीच आवडलं नाही. पण मलाही त्या जबाबाचं ओझं उतरवायचं होतं. रात्रभर तो एक्सरे माझ्या उशाला असायचा आणि तो ठेवताना त्या पोराचा हात कसा सावकाश आला होता, ते मला आठवायचं.

चौकशी माझ्याच पडवीत झाली, कारण मला हलता येत नव्हतं. नगरपालिकेचे बिडकर साहेब आले. जाडजूड, कपाळाला घाम, येताना माझ्या फळीवर जपून पाय टाकत आले. फळी आता जागेवर होती, कठड्यासकट. गल्ली गोळा झाली होती. लाटकरांच्या घरचे सुतकामुळे आपल्या उंबऱ्याआड, पण दार सताड उघडं. वाघमोडे पडवीच्या कोपऱ्यात हात मागे बांधून उभा होता. तो वाळला होता.

“हिरवेबाई, फळी कुणी काढली?” साहेबांनी विचारलं.

“मी दिली,” मी म्हणाले. “दुपारी कामगारांना सांगितलं, माझी फळी घ्या, मी काय आज दारातून जात नाही. ह्या साहेबाला त्यातलं काही माहीत नाही. आणि मग मीच विसरले.”

“पोलिसांना तर तुम्ही वेगळं सांगितलंत.”

“कळा येत होत्या. तोंडाला येईल ते बोलले.”

साहेबांनी सुस्कारा टाकला. खरं सांगायचं तर त्यांनाही ते हवं होतं. बाईने स्वतःच फळी काढली, स्वतःच पडली, प्रकरण मिटलं. गल्लीने माना हलवल्या. दोघाचौघांनी तर “होय साहेब, आम्ही बघितलं,” असंही म्हटलं. माझ्या छातीवरचा दगड सरकायला लागला होता.

“काय वाघमोडे, असंच ना?” साहेब म्हणाले. त्यांनी उठायला गुडघ्यावर हातही ठेवला होता.

आता फक्त हो म्हणायचं होतं. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं, लेकराला बघतात तसं. म्हण बाबा हो.

“नाही साहेब,” तो म्हणाला.

“काय नाही?”

“मावशी मला वाचवायला बोलतायत. त्यांची फळी मी उचलली. माझ्या हातानं. त्या आत आक्कांजवळ होत्या, त्यांना माहीतसुद्धा नव्हतं.”

“वाघमोडे,” साहेब हळू आवाजात म्हणाले, “विचार करून बोला.”

“केला साहेब. ह्या पडल्या, पाय मोडला, मशीनवर बसता येत नाही. त्यावर आणि चूकही ह्यांचीच म्हणून लिहायचं?” त्याने मागे बांधलेले हात सोडले. “आणि दत्तोबांना नीट न्यायला पाहिजेच होतं. परत तशी वेळ आली तर मी परत कठडा मोडीन. फक्त मी खांदा द्यायला जाणार नाही. मी तिथंच थांबीन. मयताच्या घरी लोक कसे येतात, कसे जातात, ते आपल्या नियमात नाहीये. कुणी कुणाला पोचवायला येत नाही तिथं. आपलं माणूस उभं पाहिजे होतं. नियमात घाला साहेब ते.”

“नियम तुम्ही मला शिकवू नका,” बिडकर साहेब म्हणाले आणि लिहायला लागले.

शेजारच्या उघड्या दारात सुहास उभा होता. सगळ्या गल्लीने एकदा त्याच्याकडे बघून घेतलं. तो दोन वेळा उंबऱ्यापर्यंत आला आणि दोन्ही वेळा सुतक त्याच्या मदतीला धावून आलं. मी त्याला हाक मारू शकत होते. मारली नाही. आक्काकडे बघून मारली नाही, असं मी स्वतःला सांगते.

महिना संपायच्या आत वाघमोडेला काढलं. जाताना तो कुणाला भेटला नाही. कुणी म्हणालं पंढरपूरला खाजगी ठेकेदाराकडे लागला, कुणी म्हणालं गावी मेंढरांकडे गेला. सुहासने एकदा चौकशी केली म्हणतात. मी केली नाही. काय तोंडाने करायची?

पाय बसला, पण वाकडा बसला. मी हाताने चालवायची मशीन घेतली. आक्का गेली. सुहास निवृत्त झाला. आम्ही रोज भिंतीवरून बोलतो, भाजी काय, पाणी आलं का, आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही.

यंदा फूटपाथ परत उखडला. आता इंजिनिअर एक पोरगी आहे, डोक्यावर पिवळी टोपी, पायात जाड बूट. माझ्या दाराला लोखंडी पूल आणि दोन्ही बाजूंनी कठडा लावून झाल्यावर मी तिला जवळ बोलावलं. का ते मला सांगता येणार नाही.

“काय गं, एक विचारू? एखाद्या घरात माणूस गेलं तर कसं करता? तिरडी कशी काढता?”

ती हसली नाही. “त्याचा नियम आहे, आजी. मयताच्या घरापुढचा चर रुंदीभर प्लेटा टाकून झाकायचा. दुसऱ्या दारचा पूल उचलायचा नाही. आणि तिथं आमचा एक माणूस उभा ठेवायचा, भेटायला आलेलं शेवटचं माणूस जाईपर्यंत. त्याच्या हातात बॅटरी. त्यानं खांदा द्यायला जायचं नाही, हे पण आहे त्यात. ते वाचून आम्ही हसायचो आधी.”

“कुणी घातलं ते?”

“जुनं आहे. कुणी बिडकर म्हणून साहेब होते, त्यांनी निवृत्त व्हायच्या आधी घातलं म्हणतात. आता दुसऱ्या गावांनी पण घेतलंय. मागच्या महिन्यात कुंभारवाड्यात मीच उभी होते. म्हातारी माणसं बाहेर पडतात ना, रडून डोळे सुजलेले असतात, त्यांना खाली बघायचं भान नसतं. एकेकीला हात धरून पलीकडं सोडलं.”

“कुणी पडलं?”

“नाही ना,” ती म्हणाली. “कुणीच नाही पडत.”

मी कठडा धरून खाली बसले. तिने घाबरून पाण्याची बाटली पुढे केली.

“वाघमोडेने घातलं ते,” मी म्हणाले. “भारत वाघमोडे. बिडकरांनी नुसतं लिहिलं.”

“कोण ते, आजी? तुमचे कोण?”

पलीकडच्या उंबऱ्यात सुहास उभा होता, म्हातारा, काठी टेकून, आणि सगळं ऐकत होता.

“आमचा कुणी नव्हता,” मी म्हणाले. “आम्ही दोघांनी मिळून त्याची नोकरी घालवली.”